पहिलीत नाव टाकायच्या आधी

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा आठ-पंधरा दिवस उशिरा उघडतात. तोवर पेरणीची धांदल सुरू झालेली असते. लेकराला आजोबासोबत शाळेत धाडलं जातं, गुरुजी विचारतात ते आजोबा तोंडी सांगतात आणि तेच दाखल-खारीज रजिस्टरात, म्हणजे शाळेत नाव घातल्या-काढल्याच्या नोंदवहीत चढतं. पुढे दहा-बारा वर्षं निस्तरावं लागतं ते इथलंच.

टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, या रजिस्टरावरूनच निघते. जातीचा दाखला आणि जात पडताळणीलाही हाच उतारा लागतो. म्हणून एप्रिल-मे महिन्यातच कागद जुळवून ठेवा.

वयाचा हिशेब सोपा आहे. त्या वर्षाच्या 31 डिसेंबरला 6 वर्षं पूर्ण झाली पाहिजेत. म्हणजे 2026-27 च्या पहिलीसाठी जन्म 31 डिसेंबर 2020 किंवा त्याआधीचा. घाई करून तारीख मागे ओढू नका. जुन्या पिढीतल्या अर्ध्या गावाचा वाढदिवस 1 जूनला येतो, कारण शाळेत अंदाजानं तीच तारीख टाकली जायची.

जन्माच्या दाखल्यात दोन अडचणी नेहमीच्या. पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं, आणि नोंद जिथं जन्म झाला तिथंच असते. सासरच्या ग्रामपंचायतीत चकरा मारून ती सापडत नाही. दुसरी अडचण, दाखल्यावर बाळाच्या नावाची जागा कोरीच असते, कारण दवाखान्यातून सुटी झाली तेव्हा बारसं झालेलं नसतं. ते नाव नोंद असलेल्या कार्यालयातच चढवून घ्यावं लागतं. वर्षभरात ते फुकट होतं, नंतर विलंब शुल्क पडतं. जन्माची नोंदच नसेल आणि वर्ष उलटलं असेल, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय ती होत नाही. हे काम महिन्याभरात उरकेल असं धरू नका.

जातीच्या रकान्यात सगळ्यात जास्त चुका होतात. ‘आदिवासी’ किंवा ‘ओबीसी’ हे जातीचं नाव नव्हे. तिथं नेमकी जात किंवा जमात लिहावी लागते. वडिलांची टीसी आणि आजोबा-पणजोबांचा जुना शाळेचा उतारा समोर ठेवा आणि त्यातली अक्षरं तशीच्या तशी उतरवायला सांगा. पडताळणीत अनुसूचित जाती-जमातींना 1950 च्या, विमुक्त-भटक्यांना 1961 च्या आणि इतर मागासवर्गाला 1967 च्या आधीचे पुरावे विचारतात. नातवाची नोंद त्या पुराव्याशी जुळली नाही, तर शंका तिथूनच सुरू होते. मूल त्या शाळेत शिकत आहे तोवर दुरुस्तीचा अर्ज करणं सोपं. टीसी निघाल्यावर तेच काम जड जातं.

आधारचं इंग्रजी स्पेलिंग जन्माच्या दाखल्यासारखंच असू द्या. नाहीतर ऑनलाइन नोंदीत विद्यार्थी जुळत नाही. मूल पाच वर्षांचं झाल्यावर आधारसाठी बोटांचे ठसे पहिल्यांदा द्यावे लागतात, तेही आताच उरकून घ्या.

आता उलट बाजू. यातला एखादा कागद नाही म्हणून कोणी परत पाठवत असेल, तर ते कायद्यात बसत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, टीसी उशिरा आली म्हणून मुलाला बसवून ठेवता येत नाही आणि शाळा सुरू झाल्यानंतरही नाव टाकता येतं. प्रवेश आधी, कागद मागाहून. नोंद मात्र कागद पाहूनच व्हावी, एवढा आग्रह धरा.

शाळा पूर्वतयारी मेळाव्याची दवंडी झाली की आईनं जरूर जावं. तिथं रंग ओळखणं, वस्तू मोजणं, उड्या मारणं असल्या कृतींतून लेकरू कुठं आहे ते दिसतं. ही परीक्षा नव्हे, कोणी नापास होत नाही. घरी कोरकू, गोंडी किंवा कोलामी बोलत असाल तर गुरुजींना तेव्हाच सांगा. नाहीतर पोरगं गप्प बसतं आणि ‘मंद’ ठरतं.

जिल्हा परिषदेच्या शाळेत फी नाही, पाठ्यपुस्तकं मोफत. पाचवीपर्यंत दुपारच्या जेवणात मुलामागे रोजचं 100 ग्रॅम धान्य आणि 20 ग्रॅम डाळ धरलेली असते. ताटात पाणीच जास्त दिसलं तर शाळा व्यवस्थापन समितीत विचारा. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जाणाऱ्यांनी नाव काढून घेऊ नये. निघण्याआधी गुरुजींकडून शिक्षण हमी कार्ड घ्या आणि जिथं मुक्कामाचं पाल पडेल तिथल्या शाळेत ते दाखवून लेकराला बसवा.