तुम्ही विचारलंत म्हणून: हवाईतल्या त्या छोट्या कंपन्यांचं काय करतेस?

पुण्याला आले की कोणी ना कोणी विचारतंच, अगं तुमच्या हवाईत माणसं जेमतेम १४ लाख, तिथे सोलर-बॅटरीच्या एवढ्याशा स्टार्टअप्सना धरून काय बसलीयस, मोठ्या कंपन्या करतील की.

मोठ्यांचं काम मोठं आहेच. २०२२ च्या सप्टेंबरात ओआहू बेटावरचं कोळशाचं वीजकेंद्र बंद झालं आणि पुढच्या वर्षाच्या शेवटी जवळच कपोलेईला १८५ मेगावॅटची बॅटरी सुरू झाली, ते काय दोन पोरांनी गॅरेजमध्ये बसून केलेलं नाही. पण बेटाची अडचण वेगळी असते हो. महाराष्ट्रात एखादं केंद्र बंद पडलं तर शेजारच्या राज्यातून वीज ओढता येते, इथे ओआहूची वीज शेजारच्या माऊई बेटावर जात नाही की तिकडची इकडे येत नाही, प्रत्येक बेटाची ग्रिड, म्हणजे विजेच्या तारांचं जाळं, वेगळी आणि भोवती समुद्र, त्यात बरीचशी वीज बनते ती जहाजाने येणाऱ्या तेलावर. २०२२ ला युद्ध सुरू झालं, इथल्या रिफायनरीने रशियाचं तेल घेणं थांबवलं, आणि बिलं चढली ती आमच्या घरात.

आता २०१३ चं सांगते. घरांवर सोलर इतकं झालं की नवीन जोडण्या अडकल्या, लोक छपरावर पॅनल लावून महिनोन्महिने परवानगीची वाट बघत बसलेले. भीती खरी होती, ग्रिडमध्ये जरा गडबड झाली की जुन्या सेटिंगचे इन्व्हर्टर (पॅनलची वीज घराला, ग्रिडला चालेल अशी करून देणारी यंत्रं) आपापले बंद होतात, आणि हजारो घरांचे एकदम बंद झाले तर बारकी गडबड मोठी होऊन अख्ख्या बेटावर अंधार. मग २०१५ च्या सुरुवातीला एनफेज या तेव्हा जेमतेम ९ वर्षांच्या कंपनीने ओआहूवरच्या ८ लाख मायक्रोइन्व्हर्टरची, म्हणजे पॅनलला लावायच्या छोट्या इन्व्हर्टरची, सेटिंग्ज एका दिवसात, लांबून, इंटरनेटवरून बदलली, बारक्या गडबडीत ते बंद पडू नयेत म्हणून. कुणाच्या घराला शिडी लावावी लागली नाही! अजून सांगताना अंगावर काटा येतो. त्याच वर्षी हवाईने कायदा केला, २०४५ पर्यंत १०० टक्के वीज अपारंपरिक, अमेरिकेत असं करणारं पहिलं राज्य.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की स्टार्टअपला पैसा लागतोच पण त्याच्याआधी लागते जागा, खरी इमारत, खरा मीटर, चालू ग्रिड आणि वीज कंपनीतला एखादा इंजिनिअर जो फोन उचलेल. स्टार्टअप्सना मदत करणारी इथली संस्था एलिमेंटल इम्पॅक्ट (आधीचं नाव एलिमेंटल एक्सलरेटर) मला म्हणूनच पटते, ते पैसे देतात ते बऱ्याचदा प्रत्यक्ष प्रोजेक्ट उभा करायला. नाहीतर काय होतं ते मी बघितलंय, मी मदत करत होते त्या एका टीमचा बॅटरी कंट्रोलर उत्तम चालायचा, टेबलावर. एका इमारतीच्या मॅनेजमेंटने लावून बघू म्हटलं, सही मात्र आज करतो उद्या करतो करत वर्ष गेलं, तोवर पोरांचे पैसे संपले आणि ती परत गेली. आपण आधीच चार ठिकाणी का नाही विचारलं हे मला अजून टोचतं.

त्यामुळे आता नवीन कोणी आलं की प्रेझेंटेशन नंतर बघते, आधी त्यांना गाडीत घालते आणि ओळखीच्या सोसायट्या, शाळा, छोटी हॉटेलं यांच्या मीटर रूम दाखवायला नेते, किल्ली ज्याच्याकडे असते त्याची गाठ घालून देते.