सेल काढून बघा की!

गेल्या महिन्यात एक हळदीचे व्यापारी माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आले. सांगलीचं मार्केट यार्ड सोडून भर दुपारी मिरजेला, म्हणजे काम अडलेलंच असणार. पिशवीतून लॅपटॉप काढला आणि काउंटरवर ठेवून चालू केला. निळा पडदा. त्यावर रिकव्हरी की, म्हणजे अडलेलं मशीन उघडायची किल्ली, मागणारी ओळ. ४८ आकडी.

"एवढं आकडं मी कुठनं आणू?"

"लॅपटॉप घेतला तेव्हा कुणी कागदावर काही दिलं होतं का?"

"काय बी नाय. तुम्ही तेवढा सेल काढून बघा की. मागं थोरल्याच्या कॉम्प्युटरचा तुम्हीच काढलाता."

काढला होता, खरं आहे. तेव्हापासून त्यांच्या घरात माझी ख्याती 'सेलवाले दादा' अशीच असावी.

दुकान सुरू केलं २००१ साली. त्या काळी डेस्कटॉपला बायोसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणाऱ्या मशीनच्या आतल्या प्रोग्रामचा, पासवर्ड घालून विसरणारी माणसं दर आठवड्याला यायची. मुलांनी गेम खेळू नयेत म्हणून वडिलांनी घातलेला, किंवा वडिलांना कळू नये म्हणून मुलांनी. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक गोल सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. बायोसच्या सेटिंग्ज आणि तो पासवर्ड ज्या मेमरीत असायचा, ती मेमरी या सेलवर जगायची. सेल काढा, वीज तोडा, दहा मिनिटं थांबा, पासवर्ड गेला. कधी सेलशेजारी तीन पिनांचा जंपर असायचा. त्याची टोपी एका पिनेने सरकवली की तेच काम. दीडशे रुपये घ्यायचो. आणि गिऱ्हाइकाला "कोपऱ्यावर चहा घेऊन या" म्हणून पाठवायचो, कारण काम इतकं सोपं आहे हे समोर दिसलं असतं तर दीडशे कुणी दिले नसते.

मग लॅपटॉप आले आणि ही कमाई बुडाली. बहुतेक लॅपटॉपांत पासवर्ड अशा चिपमध्ये जाऊन बसला की जिला वीज नसली तरी लक्षात राहतं. सेल काढला तर घड्याळ तेवढं मागे जातं. सुपरवायझर पासवर्ड, म्हणजे बायोसच्या सेटिंग्जचा, विसरलात तर कित्येक मॉडेलना कंपनी सरळ मदरबोर्ड बदला म्हणते. पण लोकांच्या डोक्यातला सेल काही निघत नाही.

त्या दिवशी व्यापाऱ्यांना बसवून घेतलं आणि आधी विचारलं, तुम्ही कुलूप नक्की कशाला लावलं होतं? ते म्हणाले, "विंडोजला. चार आकडी." विंडोजचा पासवर्ड म्हणजे डेटाला कुलूप, हा गैरसमज मला इतक्यांदा भेटतो की मी दुकानात एक जुना लॅपटॉप त्यासाठीच ठेवलाय. त्याला विंडोजचा चांगला लांबलचक पासवर्ड आहे. मागचे स्क्रू काढायचे, हार्ड डिस्क बाहेर घ्यायची, तीनेकशे रुपयांच्या केसिंगमध्ये घालायची आणि यूएसबीने माझ्या कॉम्प्युटरला लावायची. 'डॉक्युमेंट्स'वर क्लिक केलं की विंडोज म्हणतं, तुम्हाला परवानगी नाही, आणि खाली 'कंटिन्यू' असं बटण देतं. ते दाबलं की फोटो, टॅलीचा बॅकअप, पॅन कार्डाचे स्कॅन, सगळं समोर. पाच मिनिटंही लागत नाहीत. मिरज डॉक्टरांचं गाव. एका डॉक्टरांची लॅपटॉपची बॅग रात्रीच्या गाडीत गेली, तेव्हा ते मला म्हणाले होते, "पासवर्ड होता, काळजी नाही." मी त्यांना हेच करून दाखवलं. बोलले काही नाहीत, पण चहा तसाच ठेवून गेले.

मशीन चालू होतानाचा पासवर्ड याहून बरा, पण तोही मशीनचा पहारेकरी आहे, डिस्कचा नाही. तो असेल तर चोराला तुमच्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हवरून दुसरी सिस्टिम चालू करता येत नाही, बायोसमध्ये शिरून उलटंपालटं करता येत नाही. स्क्रू ड्रायव्हरला मात्र पासवर्ड विचारत नाही कुणी.

डिस्कचा पासवर्ड ही वेगळी जात. तो बायोसमधून घालायचा, पण राहतो डिस्कच्याच अंगात. वीज गेली की डिस्क स्वतःला कुलूप लावते आणि बरोबर शब्द मिळेपर्यंत एक अक्षर वाचू देत नाही. काढून दुसऱ्या मशीनला लावा, नाव-मॉडेल सांगेल, बाकी तोंड बंद. या पासवर्डशी माझी गाठ कशी पडली ते सांगतो, हसायचं तर हसा.

२००९ मध्ये स्वतःसाठी जुना लॅपटॉप घेतला. लग्नाला बेळगावला जायचं होतं, बरोबर दोन गिऱ्हाइकांचा डेटा होता. म्हटलं डिस्कला पासवर्ड घालूया. बायोसमध्ये गेलो, शब्द घातला 'जिलेबी', इंग्रजी स्पेलिंगने. दोनदा टाकला, दोन्ही जुळले, मशीन खूश. तिथेच दिसलं की चालू होताना नम लॉक आपोआप लागतोय. त्याचा मला राग होता, म्हणून त्याच बैठकीत तो 'ऑफ' केला. सेव्ह केलं, बाहेर पडलो.

पुन्हा चालू केलं. जिलेबी. चूक. जिलेबी. चूक. तिसऱ्यांदाही चूक, मग मशीन म्हणालं बंद करून या. त्या रात्री मी जिलेबीचं स्पेलिंग जितक्या प्रकारे करता येईल तितकं केलं. एक 'ए' जास्त घालून पाहिला, शेवटी दोन 'ई' लावले. सौ. शेजारी बॅग भरत होती. म्हणाली, "लोकांचं उघडताय आणि स्वतःचं?" मी उत्तर दिलं नाही.

डेटा न घेताच बेळगावला गेलो. लग्नात पंगतीत बसलो होतो, पानात आली जिलेबी, आणि ती बघताना नम लॉक आठवला. जुन्या छोट्या लॅपटॉपना आकड्यांची वेगळी पट्टी नसायची. नम लॉक लागला की उजव्या हाताखालची अक्षरंच आकडे व्हायची: जे म्हणजे १, के म्हणजे २, एल म्हणजे ३, यू, आय, ओ म्हणजे ४, ५, ६. मी पासवर्ड घातला तेव्हा नम लॉक चालू होता. पडद्यावर नुसत्या चांदण्या, त्यामुळे कळायला मार्ग नाही. मी टाकत होतो जिलेबी आणि डिस्कने लिहून घेतलं १, ५, ३, ई, बी, ५. दोन्ही वेळा तेच, म्हणून जुळलंही. घरी येऊन नम लॉक लावला, जिलेबी टाकली, उघडलं.

तेव्हापासून माझा नियम: पासवर्ड घालायच्या आधी तीच अक्षरं कुठेतरी दिसतील अशा जागी एकदा टाइप करून बघायची. बायोसमध्ये मशीनचं नाव लिहायची वगैरे जागा असते, ती चालते. आणि या पडद्यांवर कीबोर्ड सहसा साध्या अमेरिकन मांडणीचा असतो, तेव्हा देवनागरी नको, रुपयाचं चिन्ह नको. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायला हरकत नाही, फक्त स्पेलिंग आपलं ठरलेलं पाहिजे. भाकरीत एक 'ए' की दोन, हे रात्री अकराला आठवत नसतं.

पण हेही कुलूप दारालाच आहे. जुन्या डिस्कवर आतला माल उघडाच पडलेला असतो, कडी तेवढी डिस्कच्या सर्किटची. ज्यांच्याकडे साधनं आहेत ते सर्किटला वळसा घालू शकतात. नव्या एसएसडी, म्हणजे चिपवाल्या डिस्क, स्वतःच माल गुंडाळून ठेवतात म्हणतात, पण २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी काही नामवंत एसएसडींचं हे गुंडाळणं किती पोकळ आहे ते दाखवलं. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टनेही डिस्कच्या शब्दावर विसंबणं सोडलं आणि विंडोजमधला डिस्कच्या कुलपाचा प्रोग्राम, बिटलॉकर, आपलं काम आपणच करू लागला.

तर बिटलॉकर. यात मालच ओळखू येणार नाही असा करून टाकतात. विंडोजच्या होम आवृत्तीत त्याचा धाकटा भाऊ असतो, डिव्हाइस एन्क्रिप्शन. किल्ली लॅपटॉपमधल्या टीपीएम चिपमध्ये ठेवलेली असते आणि चालू होताना सगळं ओळखीचं दिसलं तर चिप ती गुपचूप देते, म्हणून मालकाला पत्ताही नसतो. बायोस बदललं, मदरबोर्ड बदलला, सेटिंग हलली, की चिप गप्प बसते आणि निळा पडदा येतो. २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोज नव्याने बसवून मायक्रोसॉफ्ट खात्याने शिरलात की हे बहुतेक मशीनवर आपोआप लागतं. चांगलंच आहे ते. मला फक्त एवढंच म्हणायचंय की घराला कुलूप लावलं तर घरमालकाला सांगा.

व्यापाऱ्यांच्या मशीनवर आदल्या रात्री बायोसचं अपडेट झालं होतं. की त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असणार. खातं कुठलं? "आमचं तसलं काय नाय." मग विचारता विचारता निघालं: लॅपटॉप घेतला त्या दुकानातल्या पोराने "चालू करून देतो काका" म्हणून स्वतःच्या मेल आयडीने खातं काढलं होतं. म्हणजे तीन वर्षांच्या हळदीच्या हिशेबाची किल्ली एका अनोळखी पोराच्या खात्यात. आणि पोरगा नोकरी सोडून गेलेला.

दोन दिवस फोनाफोनी. जयसिंगपुरात सापडला. भला निघाला, खातं उघडून बघितलं तर त्यात एकोणीस मशीनच्या किल्ल्या! निळ्या पडद्यावर की आयडी दिलेला असतो, त्याची पहिली आठ अक्षरं मी फोनवर वाचली, त्याने जुळवली आणि फोटो पाठवला. मशीन उघडलं. व्यापारी म्हणाले, "सेल काढला असता तर दोन दिवस वाचलं असतं." मी हात जोडले.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटने जगात ८५ लाख विंडोज मशीन आडवी झाली, तेव्हा पुण्यात एका कंपनीत असलेला माझा भाचा दिवसभर फोनवर लोकांना हेच ४८ आकडे वाचून दाखवत होता. संध्याकाळी त्याचा घसा बसला. तेव्हा मला गंमत वाटली होती.

आता माझ्याकडे कुणीही नवा लॅपटॉप आणला की मी पाना हातात घ्यायच्या आधी सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघतो. असेल तर की कुठे आहे ते विचारतो, ती हातात असल्याशिवाय बायोसला बोट लावत नाही. चालू करतानाचा पासवर्ड हवा असेल तर तोही घालून देतो, पण वहीत लिहा म्हणतो. वही लॅपटॉपच्या बॅगेत ठेवणारेही भेटलेत. आणि प्रवासात नुसतं झाकण मिटू नका, पूर्ण बंद करा. झोपलेल्या मशीनच्या मेमरीत किल्ली जागीच असते. प्रिन्स्टनच्या लोकांनी २००८ मध्ये मेमरीच्या चिप गार करून त्यातून किल्ल्या काढून दाखवल्या होत्या. आपल्या गाडीतला चोर असलं काही करणार नाही, पण बंद करायला पैसे पडत नाहीत.

व्यापारी गेल्यावर मला आठवलं की माझ्या स्वतःच्या मशीनची की फक्त ऑनलाइन आहे. त्या रात्री ती कागदावर उतरवली. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. मुलगी आठवीत आहे. तिला सांगितलं, यातला प्रत्येक गट अकराने भागला गेला पाहिजे, की तशीच बनवलेली असते. भागाकार करायला मी कॅल्क्युलेटर पुढे केला तर तिने ढकलून दिला. शाळेत कसोटी शिकवलीय: एकाआड एक आकड्यांच्या दोन बेरजा करायच्या, फरक शून्य किंवा अकराच्या पटीत आला पाहिजे.

पाचव्या गटाशी थांबली. मी लिहिलं होतं ४२७३३४ (खरा आकडा इथे देणार नाही, असाच काहीसा समजा). चार, सात, तीन चौदा. दोन, तीन, चार नऊ. "बाबा, पाच उरतात."

मी मोबाइलवर झूम करून पाहिलं. चौथा आकडा इंग्रजी आठ होता, मी तीन वाचला होता. तिने माझ्या तीनवर लाल पेनने रेघ मारली, शेजारी आठ काढला आणि बाकीचे तीन गट तपासायला घेतले.