प्रॉमंटरी पॉइंट नव्हे, प्रॉमंटरी समिट!

अमेरिकेत युटामधल्या 'गोल्डन स्पाइक' या ऐतिहासिक रेल्वे-स्थळाला जाणार असाल तर नकाशात 'प्रॉमंटरी पॉइंट' अजिबात टाकू नका. आम्ही टाकलं. अमेरिकेचे पूर्व-पश्चिम रूळ 10 मे 1869 ला जिथे जुळले ती जागा म्हणून कित्येक पुस्तकांत पॉइंटच छापलंय. पण पॉइंट म्हणजे ग्रेट सॉल्ट लेकमध्ये घुसलेल्या डोंगररांगेचं दक्षिण टोक. रूळ जुळले ते समिटला, 30 मैलांहून जास्त उत्तरेला. डांबर संपलं, खडी लागली, मागे धुळीचा लोट, आणि शेवटी खासगी हद्दीची पाटी. अर्धा दिवस गेला. पेट्रोल ब्रिगहॅम सिटीतच भरा, पुढच्या भरवशावर राहू नका.

समिटची इंजिनं मूळ इंजिनांच्या 1979 च्या प्रतिकृती आहेत. फोटो काढा आणि निघा. रूळ जुळल्याच्या समारंभातला सोन्याचा खिळा, म्हणजे 'गोल्डन स्पाइक', इथे नाहीच, तो कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. त्यावर तारीख 8 मे कोरलीय! पगार थकलेल्या मजुरांनी वायोमिंगमध्ये, पूर्वेकडून रूळ टाकत आलेल्या युनियन पॅसिफिक कंपनीच्या उपाध्यक्षांची, ड्युरंटची, गाडी अडवून धरली, म्हणून समारंभ दोन दिवस लांबला. मूळ रूळही 1942 मध्ये युद्धासाठी उखडून नेले.

खरं बघायचं ते 'बिग फिल', म्हणजे मोठा भराव. दीड मैलाची पायवाट, सावली शून्य. सरकार मैलामागे कर्जरोखे देत होतं आणि भेटीची जागा ठरलेली नव्हती, म्हणून दोन्ही कंपन्या एकमेकींना ओलांडून समांतर मार्ग खोदत सुटल्या. इथे पश्चिमेकडून आलेल्या सेंट्रल पॅसिफिक कंपनीचा प्रचंड भराव आहे आणि जेमतेम 150 फुटांवर युनियन पॅसिफिकच्या लाकडी पुलाची जागा. कातळात सुरुंगाच्या भोकांच्या अर्धगोल खुणा अजून आहेत. मी एकीत बोट ठेवलं, पन्हाळीत बसावं तसं आत बसलं. सकाळचा सगळा राग तिथे उतरला.

पश्चिमेच्या मोटार-फेरीवर 'एका दिवसात 10 मैल' ही पाटी चुकवू नका. 28 एप्रिल 1869 ला सेंट्रल पॅसिफिकने 10 मैल 56 फूट रूळ टाकले. रूळ उचलणाऱ्या आठ आयरिश कामगारांची नावं नोंदली गेली, राबणाऱ्या चिनी मजुरांची नाहीत. हे वाचून मन अस्वस्थ होतं, आणि व्हायलाच हवं.

उन्हाळ्यात बिग फिल सकाळी नऊच्या आत उरका. माणशी दोन लिटर पाणी घ्या. गवतात पाय घालू नका, रॅटलस्नेक असतात.