पाचवा काळा मासा

कल्याणात माझं मत्स्यालयाचं दुकान आहे. मासे, टाक्या, पंप, दाणे विकायचे आणि घरोघरी जाऊन टाक्यांची देखभाल करायची, हे एकवीस वर्षं चाललंय. माल कुर्ल्याहून येतो, कुर्ल्याला तो कोलकाता-चेन्नईहून येतो. मरतुकीची सवय या धंद्यात करून घ्यावी लागते. तरी जुलैतला तो रविवार काही केल्या डोक्यातून जात नाही.

दुकान उघडतच होतो. बाहेर पाऊस कोसळत होता आणि शटरखाली छत्री मिटून काका उभे होते. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, कल्याण–आळेफाटा मार्गावर वर्षानुवर्षं काढलेली. हातात स्टीलचा डबा. झाकण उघडून त्यांनी तो माझ्यापुढे धरला. आत ओल्या कागदावर ब्लॅक मूर होता, म्हणजे गोल्डफिशचाच एक प्रकार. काळा, डोळे बाहेर आलेला, दीड-दोन इंचाचा.

"हाही गेला. दुसरा दे. आजच हवाय."

मी जाळी हातात घेतली. टाकीपाशी गेलो. काळा मासा कोपऱ्यात फिरत होता, तो जाळीत घेणार तेवढ्यात मनात हिशेब सुरू झाला. मागच्या महिन्यात यांना काळा मासा मीच पॅक करून दिला होता. त्याच्या आधीच्या महिन्यातही मीच. ऑक्सिजन मारला, रबर लावलं, पैसे घेतले. एकदाही विचारलं नव्हतं की आधीचा का गेला.

"काका, हा कितवा?"

"चौथा गेला. हा पाचवा."

गुढीपाडव्याला त्यांच्या मुलीने टाकी भेट दिली होती. दोन बाय एक बाय एक. मासे माझ्याच दुकानातून गेले होते, आमच्या पोराने दिलेले. आठ सोनेरी आणि एक काळा, म्हणजे ज्याला गिऱ्हाईक 'वास्तूचा सेट' म्हणतं. घरावर येणारं संकट काळा मासा अंगावर घेतो आणि मरतो, अशी समजूत आहे. दर आठवड्याला कुणीतरी हा सेट मागायला येतंच, आणि आम्ही देतो. पोराला दोष देण्यात अर्थ नाही, टाकी केवढी आहे हे विचारायला मीच त्याला कधी शिकवलं नव्हतं.

"मासा देतो, पण आधी टाकी बघू द्या," म्हटलं. काकांना ते आवडलं नाही. "अरे, उद्या हिची तपासणी आहे," एवढंच म्हणाले. ते ऐकलं, पण त्याचा अर्थ तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. काकूंची बायपास झालेली, त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. टाकी त्यांच्या समोरच, टीव्हीशेजारी. पाणी अगदी स्वच्छ. खडी धुतलेली, काच लखलखीत. ज्याला माहीत नाही तो म्हणेल, किती छान ठेवलीय टाकी! पण सहाही गोल्डफिश वर होते. पाण्याच्या पृष्ठाशी तोंडं लावून एकसारखी उघडझाप चाललेली. एकाचे कल्ले लालभडक झालेले.

बॅगेतून टेस्टची नळी काढली. पाच मिलिलिटर पाणी, पहिल्या बाटलीचे आठ थेंब, दुसऱ्या बाटलीचे आठ थेंब, हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. अमोनिया नसेल तर नळी पिवळी राहते. पाच मिनिटांची गरजच पडली नाही. काका माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते आणि नळी कैरीच्या सालीसारखी हिरवी होत गेली. लिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास. नंतर नायट्राइट तपासला, तो जवळपास शून्य.

या दोन आकड्यांचा अर्थ सांगतो. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सतत पाण्यात उतरतो, उरलेले दाणे सडून त्यात भर घालतात. तो दिसत नाही. फिल्टरच्या स्पंजात, खडीवर जिवाणूंची वस्ती होते. त्यातले काही अमोनियाचा नायट्राइट करतात, काही नायट्राइटचा नायट्रेट, आणि नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. इथे साडेतीन महिने झालेले, आणि अमोनिया भरपूर, नायट्राइट जवळपास नाहीच. म्हणजे वस्ती बसलीच नव्हती, किंवा कुणीतरी ती पुन्हा पुन्हा उठवत होतं.

"टाकी कधी धुतली?"

काकांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून माझ्या हातात दिलं. कंडक्टरची वेबिल भरायची सवय, निवृत्तीनंतरही गेलेली नाही. प्रत्येक चौकोनात निळ्या पेनाने, बारीक गोल अक्षरात नोंदी. गॅस लावला. दूधवाल्याला दिले. पहिल्या रविवारी 'टाकी धुतली'. शुक्रवारी 'काळा गेला'. मी पानं मागे उलटली. एप्रिल : 2 तारखेला धुतली, 7 ला गेला. मे : 7 ला धुतली, 12 ला गेला. जून : 4 ला धुतली, 8 ला गेला. जुलै : 2 आणि 7.

मला जे हवं होतं ते त्या चार पानांवर लिहिलेलं होतं. दर महिन्याला काका सगळं पाणी उपसत, खडी घासत, स्पंज नळाखाली खळाखळा धूत. पावसाळ्यात तर नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतोच. जी काही वस्ती जमलेली असायची ती त्या रविवारी मरायची, आणि सगळ्या गोल्डफिशची घाण सोमवारपासून साचायला लागायची. शुक्रवारपर्यंत पाणी विषारी.

मग काळाच का? त्यालाही कारण होतं. ब्लॅक मूरची नजर अधू, दाणे टाकले की बाकीचे धावून फस्त करतात, हा शोधत राहतो. त्याला मिळावं म्हणून काका दिवसातून तीनदा दाणे टाकायचे, म्हणजे घाण आणखी. शिवाय बाकीचे मासे पाडव्यापासूनचे, रेटत आलेले. काळा दर वेळी नवा, दुकानाच्या पाण्यातून थेट त्या पाण्यात. सगळ्यात कच्चा गडी तोच. जूनमध्ये दोन सोनेरीही गेले होते, पण त्यांची नोंद मोठ्या अक्षरात नव्हती.

हे सगळं मी भराभर बोलत होतो, पुरावा हाती लागला की माणूस बोलतो तसा. काका काहीच बोलेनात. मग त्यांनी कॅलेंडर परत घेतलं आणि दुसऱ्याच नोंदींवर बोट ठेवलं. लाल पेनाने लिहिलेल्या. 10 एप्रिल, 15 मे, 12 जून. काकूंच्या तपासणीच्या तारखा. प्रत्येक तारखेच्या तीन-चार दिवस आधी काळा मासा मेलेला.

"प्रत्येक वेळी आधी तो गेला, आणि हिचे रिपोर्ट ठीक आले," काका म्हणाले. "उद्या दहा तारीख. काळा नसेल तर?"

तेव्हा मला ते छत्री मिटून शटरखाली का उभे होते ते समजलं. मी धुण्याच्या तारखा वाचत होतो आणि हा माणूस त्याच पानांवर बायकोचं आयुष्य वाचत होता. धंद्यात उत्तरं तयार असतात, त्या क्षणी माझ्याकडे एकही नव्हतं. समजूत काढायला काळा मासा देऊन टाकावा, असंही मनात आलं. पण ती हिरवी नळी हातात होती.

"काका, त्याने संकट नाही घेतलं. त्याला श्वास घेता येत नव्हता. अमोनियाने कल्ले भाजतात."

मागून काकू बोलल्या. तोवर त्या गप्प होत्या.

"म्हणजे माझ्यासाठी कुणी मरत नव्हतं ना?"

"नाही काकू."

"बरं झालं." थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "मला तो काळा बघवत नसे रे. हा रोज सांगायचा, तुझ्यासाठी आणलाय. मी रात्री दिवा लावून बघायची, आहे का म्हणून. ने सगळे."

काकांनी पुन्हा काही म्हटलं नाही. बादली त्यांनीच आणून दिली.

गोल्डफिश वाईट मासा नाही. पण दुकानात दिसतो तो त्याचा लहानपणचा आकार. नीट ठेवला तर वीतभर होतो, दहा-पंधरा वर्षं जगतो, त्याला थंड पाणी मानवतं आणि घाण तो भरपूर करतो. दोन बाय एक बाय एकची टाकी म्हणजे दोन घनफूट, 56 लिटर. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की जेमतेम 45. त्यात नऊ गोल्डफिश, तेही कल्याणच्या मे महिन्यात, जेव्हा पाणी तापलं की त्यात प्राणवायू मुळातच कमी राहतो. सहाही मासे मी दुकानातल्या पाच फुटी टाकीत नेले. एक तिसऱ्या दिवशी गेला, पाच सावरले. काकांनी विचारलं होतं, विहिरीत सोडू का? हात जोडून नको म्हटलं. लोक विसर्जनाच्या तलावात सकर सोडतात, काच साफ करतो म्हणून आणलेला आणि फूटभर झाल्यावर नकोसा झालेला, आणि मग तो तिथल्या माशांच्या मुळावर येतो.

त्याच दिवशी अर्धं पाणी बदललं, क्लोरीन मारणारं अँटिक्लोर घातलं, आणि दुकानातल्या जुन्या टाकीचा मळका स्पंज ओल्या पिशवीत आणून काकांच्या फिल्टरशेजारी ठेवला. काकांना तो घाणेरडा स्पंज बघवेना. पण त्यातच वस्ती होती, आणि पाण्यात उरलेला अमोनिया हेच तिचं खाणं. सोमवारी तपासणी झाली. डॉक्टरांनी एक गोळी बदलली आणि पुढच्या महिन्याची तारीख दिली. काका त्या दिवशी रिकाम्या टाकीकडे बघून बाहेर पडले, हे मला काकूंनी नंतर सांगितलं.

दहा दिवसांनी नळी पिवळी आली. आता मासे कोणते? काकूंना तीन जिने उतरता येत नव्हते, म्हणून मीच तीन पिशव्या घेऊन गेलो आणि खिडकीच्या ग्रिलला टांगल्या. आधी दुकानात बराच विचार केला होता. निऑन सुंदर दिसतो, पण त्याला मृदू पाणी लागतं आणि काकांच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं जड पाणी मिसळतात. एंजल पिल्लू असताना नाजूक, पुढे त्याला उंच टाकी हवी आणि बारके मासे तो गिळतो. टायगर बार्ब दुसऱ्यांचे पंख-शेपट्या कुरतडतो. फायटर एकटा छान राहिला असता, पण पुन्हा एकच मासा, पुन्हा रोज रात्री तो आहे का बघणं, ते मला नको होतं.

पहिल्या पिशवीत गप्पी. जड पाणी त्यांना उलट मानवतं. पण मादी महिन्याला पिल्लं टाकते, नर काढून घेतला तरी साठवलेल्या बीजावर काही महिने टाकत राहते. "पालिकावाले डासांसाठी गटारात सोडतात तेच ना?" काका म्हणाले आणि तो विषय संपला.

दुसऱ्या पिशवीत हनी गुरामीची जोडी, आपल्या ईशान्येकडची. मधाच्या रंगाची, संथ. काकूंना आवडली, पण "हे नंतर," म्हणाल्या.

तिसऱ्या पिशवीत चार झेब्रा. दीड इंच, निळे-रुपेरी पट्टे. 1822 साली हॅमिल्टनने गंगेतल्या माशांची नोंद केली तेव्हापासून शास्त्राला माहीत असलेला, आपल्याच देशातला मासा. हीटर लागत नाही, पाण्याचे लाड नाहीत, फक्त सहा-आठांचा घोळका हवा. काकूंनी पिशवी उजेडात धरली. मासे एका बाजूला गेले, गर्रकन वळले, परत दुसऱ्या बाजूला.

"असलेच काहीतरी आमच्या ओढ्यात असायचे," त्या म्हणाल्या. माहेर मुरबाडकडचं, माळशेजच्या पायथ्याचं. "भाऊ पंचा धरायचा आणि मी वरून पाणी हाकायची. धरले की परत सोडायचे, एवढेसे तर असायचे." झेब्राच असतील की त्यांचे भाऊबंद, कोण जाणे, सह्याद्रीच्या ओढ्यांत डानियो-रासबोरा पुष्कळ. पण काकूंची निवड झाली होती.

एक गोष्ट जिभेवर आली होती ती मी गिळली. झेब्राच्या हृदयाच्या कप्प्याचा पाचवा भाग कापला तरी दोनेक महिन्यांत तो पुन्हा भरून येतो, हे 2002 मध्ये प्रसिद्ध झालं, आणि तेव्हापासून जगभर त्यावर काम चालू आहे, आपल्या पुण्यात आघारकर संशोधन संस्थेतही. बायपास झालेल्या बाईच्या समोर हा मासा! सांगायचा मोह फार झाला. पण काका तिथेच उभे होते, आणि त्या माणसाने त्यावरून लाल पेनाची नवी नोंद सुरू केली असती. नाही सांगितलं.

चार झेब्रा पिशवीसकट वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवले, टाकीतलं पाणी थोडं थोडं पिशवीत घातलं, मग जाळीने सोडले. दाणे दिवसातून एकदा, चिमूटभर, हे काकांकडून तीनदा वदवून घेतलं. बाकीचे चार दोन आठवड्यांनी द्यायचे ठरलं.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी सकाळी काकांचा फोन आला.

"आज टाकी धुवायचा वार आहे. काय करू?"

"धुवायची नाही काका. पाइप लावून दोन बादल्या पाणी काढा. रात्री भरून ठेवलेलं दोन बादल्या पाणी घाला. स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच दोनदा दाबा, नळाखाली नाही."

"खडी?"

"हात लावू नका."

"थांब," काका म्हणाले, "लिहून घेतो. दोन बादल्या म्हणजे दहा-दहा लिटरच्या ना?"