तुमच्या मागे या पुस्तकांचं काय?

घरी आलेला पाहुणा कपाटांकडे बघतो आणि चहा संपायच्या आत विचारतो, "एवढी पुस्तकं! तुमच्या मागे यांचं काय?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

मला तेव्हा हटकून ऑल्थॉर्प आठवतं. इंग्लंडात नॉर्थॅम्प्टनशायरमधला स्पेन्सर घराण्याचा वाडा. आपल्याला तो डायानाचं माहेर म्हणून माहीत. त्या घराण्यातले दुसरे अर्ल (ही उमरावांची एक पदवी), जॉर्ज जॉन स्पेन्सर (१७५८–१८३४), फ्रान्सशी युद्ध चालू असताना नौदलाचे मंत्री होते, पण जीव सगळा पुस्तकांत. काउंट रेविझ्की या ग्रंथसंग्राहकाचा तर त्यांनी अख्खा संग्रहच विकत घेतला. १८१२ साली लंडनच्या लिलावात इटालियन लेखक बोकाचोच्या 'डेकामेरॉन' या कथासंग्रहाची १४७१ची छापील प्रत निघाली. स्पेन्सर २,२५० पौंडांपर्यंत चढले आणि थांबले. ब्लँडफर्डच्या मार्क्विसनी, म्हणजे दुसऱ्या एका उमरावानं, दहा पौंड वर टाकून ती नेली. सात वर्षांनी त्यांच्यावरच पुस्तकं विकायची पाळी आली आणि तीच प्रत स्पेन्सरांकडे आली, ९१८ पौंड १५ शिलिंगांत. दहा पौंडांसाठी सोडलेलं पुस्तक सात वर्षं मनातून जात नाही, हे मला अगदी समजतं.

आणि १८९२ साली पाचव्या अर्लनी ही सारी ग्रंथसंपदा विकली. शेतमालाचे भाव पडले होते, जमिनीचं उत्पन्न आटलं होतं. चाळीस हजारांवर ग्रंथ! लिलावात ते जगभर पांगले असते. पण एन्रिकेटा रायलँड्सबाईंनी ते एकगठ्ठा घेतले. पती जॉन, मँचेस्टरचे कापड गिरणीमालक, यांच्या स्मरणार्थ त्या ग्रंथालय बांधत होत्या. १ जानेवारी १९०० पासून ते लोकांना खुलं झालं. स्पेन्सरांचं गटेनबर्ग बायबल, युरोपात खिळ्यांनी छापलेला पहिला मोठा ग्रंथ, तिथं आहे, तो बोकाचोही तिथंच. वाड्यात होते तेव्हा ते बघायला उमरावाची ओळख लागे. घराण्यानं ते गमावले, असं मी तरी म्हणणार नाही.

संग्रह फुटला की काय होतं, तेही पाहिलंय. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ गेले आणि महिन्याभरात त्यांची पुस्तकं रद्दीच्या काट्यावर चढली. मी पोचलो तेव्हा सुतळीनं बांधलेल्या एका गठ्ठ्यात एका संचाचे तीनच खंड उरले होते. पहिल्या खंडाच्या समासात त्यांनी बारीक शिसपेन्सिलीनं लिहिलंय : 'पुढे पाहा, खंड ४.' तो चौथा अजून मला मिळालेला नाही.

म्हणून लेकीशी बोललो. तिला हवीत ती वीस-पंचवीस तिनं काढून घेतली. बाकीची सगळी एकत्र गावच्या वाचनालयात जातील. त्यांनी एक भिंत द्यायचं कबूल केलंय. अट एकच, संच मोडायचा नाही. रोज संध्याकाळी यादी करतोय. दोन कपाटं झाली, तिसऱ्याचा वरचा कप्पा चालू आहे.