मधले दोन सेकंद

सोमवार, रात्री

नळाचं पाणी जायला दहा मिनिटं उरलेली असतात, गॅसवर दूध चढत असतं आणि नेमकी तेव्हाच दाराची बेल वाजते. दारात वरच्या मजल्यावरच्या काकू, हातात रिकामी बादली. "अगं, आमच्याकडे आज पाणी चढलंच नाही. एक बादली भरून घेऊ का?" पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांत हे आठवड्यातून एकदा तरी घडतं. बेल वाजल्यापासून दार उघडेपर्यंत फार तर दोन सेकंद जातात. तेवढ्यात कपाळाला आठी पडते किंवा पडत नाही. पहाटे साडेपाचला बायबल उघडून केलेल्या प्रार्थनेचा पेपर हा असा, वेळापत्रक न लावता येतो.

हे दोन सेकंद बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकात, दुसऱ्या अध्यायात चक्क लिहून ठेवलेत. पर्शियाचा अर्तहशश्त राजा विचारतो, तुझं मागणं काय? नहेम्या आधी स्वर्गीच्या देवाची प्रार्थना करतो आणि मग राजाला उत्तर देतो. समोर राजा, शेजारी राणी बसलेली, आपण प्यालेबरदार, म्हणजे राजाला प्याला भरून देणारे. गुडघे टेकायला, डोळे मिटायला सवड कुठली? त्या प्रार्थनेचे शब्दसुद्धा दिलेले नाहीत. पण मागे जाऊन पहिला अध्याय पाहिला की उलगडा होतो. यरुशलेमेच्या पडलेल्या तटाची बातमी येते यहुदी पंचांगातल्या किसलेव महिन्यात आणि राजाचा प्रश्न येतो नीसानात. मधले साधारण चार महिने उपास, रडणं आणि प्रार्थना. दोन सेकंदांची प्रार्थना चार महिन्यांच्या भांडवलावर उभी आहे.

म्हणून ठरवलेली प्रार्थना आणि अचानक आलेला क्षण यांच्यात भांडण लावू नये. "मी चालता-बोलता प्रार्थना करतो, वेगळी वेळ कशाला?" असं म्हणणाऱ्याचं खातं लवकर रिकामं होतं. आणि "पहाटेचा तास पाळला, आता उरलेला दिवस माझा" म्हणणारा पैसे बँकेत ठेवून उपाशी राहतो. चर्चच्या मंडळीत दुसऱ्या प्रकारचे लोक जास्त, असं माझं मत.

दोन सेकंदांत मावेल असं वाक्य आधीच ठरवून ठेवावं. "प्रभू, दया कर." श्वास घेताना "प्रभू", सोडताना "दया कर". याहून लांब काही म्हणू नये. तेविसावं स्तोत्र म्हणत बसलात तर काकू जिना चढून परत गेलेल्या असतील. आणि हो, दार उघडण्याआधी गॅस बंद करावा. उतू गेलेलं दूध ओट्यावरून पुसत असताना भल्याभल्यांची सौम्यता वाहून जाते.

मंगळवार

बायबलमधल्या पौलाच्या गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याच्या फळाची नऊ नावं आहेत: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. संडे स्कूलमध्ये पाठ झालेली असतात. तिथे "फळ" एकवचनी आहे, हे मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. नऊ फळांच्या टोपलीतून आपल्याला आवडणारी चार उचलायची सोय नाही.

त्यातल्या सहनशीलतेला पौलाने वापरलेला ग्रीक शब्द आहे माक्रोथुमिया. माक्रो म्हणजे लांब, थुमोस म्हणजे उसळणारा राग. राग उसळायला लांबचा पल्ला लागणं, असा अर्थ. याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात विश्वासाच्या पारखण्याने जे उत्पन्न होतं म्हटलंय, तो शब्द वेगळा: हुपोमोने, ओझ्याखाली टिकून राहणं. ढोबळ मानाने पहिला माणसांसाठी, दुसरा परिस्थितीसाठी.

फरक पुस्तकी वाटतो, पण पावसाळ्यात सिंहगड रोडवर उभं राहिलं की कळतो. चाळीस मिनिटं गाड्या हलत नाहीत, तिथे लागतं हुपोमोने. आणि उलट्या बाजूने दुचाकी घालून आरसा वाकवणारा वर आपल्याकडेच डोळे वटारून बघतो, तिथे माक्रोथुमिया. दोन्हीची औषधं वेगळी. पहिल्याचं निम्मं औषध वीस मिनिटं आधी निघणं हेच आहे. घरातून उशिरा निघून सिग्नलला धीर मागणं म्हणजे परीक्षेच्या रात्री बुद्धी मागणं. दुसऱ्याला हातांचा उपयोग होतो. आधी आरसा हाताने सरळ करावा, काच बघावी, मग तोंड उघडावं. हाताला काम दिलं की जिभेला उशीर होतो. ऐकायला तत्पर, बोलायला मंद, रागाला मंद, हा याकोबाचा क्रम शरीराने असा पाळता येतो.

गिळून टाकणं म्हणजे सहनशीलता, हा गैरसमज आपल्याकडे फार. आरसा फुटला असेल तर "दादा, काच गेलीय, याचे पैसे तुम्ही द्यायला हवेत," हे नेहमीच्या आवाजात सांगणं सौम्यतेत बसतं. आवाज चढला की बसत नाही. गप्प बसून घरी मुलांवर ओरडणं तर मुळीच बसत नाही.

बुधवार

रोजच्या वागण्याची नोंद ठेवायच्या वहीबद्दल. जेजुइट संघ स्थापणाऱ्या इग्नेशियस लोयोलाच्या परंपरेत दिवसाचं परीक्षण पाच पायऱ्यांनी करतात: उपकार मानणं, प्रकाश मागणं, दिवस डोळ्यांखालून घालणं, क्षमा मागणं, उद्यासाठी निश्चय करणं. स्वतः इग्नेशियसची वाट बदलली ती 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला तेव्हा. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने शूर सरदारांच्या कथा मागितल्या. घरात होतं फक्त ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांची चरित्रं. आखलेलं काहीच नव्हतं.

प्रॉटेस्टंट घरांत ही पद्धत "कॅथलिकांची" म्हणून बाजूला ठेवली जाते. कारण नाही. कामगार माणसाला झेपेल अशी तिची छोटी आवृत्ती अशी: अप्पा बळवंत चौकातून शंभर पानी छोटी वही आणावी. रात्री जेवणानंतर दहा मिनिटं, घड्याळ लावून. दिवसाला एकच नोंद, चार ओळींची. पहिली ओळ, काय ठरलं होतं. दुसरी, काय झालं. तिसरी, तोंडातून निघालेला पहिला शब्द, जसाच्या तसा. चौथी, उद्या कोणापाशी काय नीट करायचंय.

तिसरी ओळ सगळ्यात अवघड, आणि खरी किंमत तिचीच. "मी चिडलो" असं लिहू नये. "'तुला अक्कल आहे का' म्हणालो" असं लिहावं. पहिल्या वाक्यात पाप सभ्य कपडे घालून येतं.

बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. एक, वही दुसऱ्यांच्या दोषांची होते. तिसऱ्या ओळीत सासूबाईंचा शब्द आला की समजावं, पान चुकलं. दोन, रोज आठ-दहा नोंदी सुरू होतात. काटेकोर मनाच्या माणसाचं हे दुखणं, पंधरा दिवसांत वही कृपेऐवजी खटल्याची होते. अशा माणसाने नोंद उपकारानेच सुरू करावी आणि एकीवर थांबावं. तीन, प्रत्येक गोष्टीत देवाचा इशारा शोधणं. पीएमटी चुकली म्हणजे देवाने नोकरी नको सांगितली असं नसतं. बस चुकली, एवढंच. आपण त्या थांब्यावर कसे वागलो, ते बघायचं.

चौथी गोष्ट गंभीर आहे. घरात मारहाण होत असेल, तर ती "स्वभाव घडवणारा प्रसंग" म्हणून वहीत लिहायची नाही. ती चर्चच्या पाळकांना, माहेरी आणि गरज पडली तर पोलिसांना सांगायची. सहनशीलतेच्या नावाखाली कोणी ते झाकायला सांगत असेल, मग तो मंडळीतला कितीही मोठा माणूस असो, त्याचं ऐकू नये.

गुरुवार

आज थोडंच. शनिवारी सातही नोंदी एका दमात वाचल्या की बऱ्याचदा पापाआधी वेळ दिसते: सगळे स्फोट संध्याकाळी सात ते आठमध्ये, उपाशीपोटी. बायबलमधला एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला दोनदा उठवून भाकर आणि पाणी दिलं, मधे झोपू दिलं. होरेब डोंगरावर देवाशी झालेलं बोलणं त्यानंतर. सहाला मूठभर शेंगदाणे खाल्ल्याने इंद्रियदमन वाढतं, हे प्रवचनात सांगत नाहीत, पण खरं आहे.

शुक्रवार

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात याईर नावाच्या सभास्थानाच्या अधिकाऱ्याची मुलगी मरणाला टेकली आहे. वय 12. येशू निघालाय, गर्दी दाटलीय, आणि 12 वर्षं रक्तस्रावाने त्रासलेली बाई मागून वस्त्राला शिवते. ती बरी होते, काम झालं. तरी येशू थांबतो आणि विचारतो, माझ्या वस्त्रांना कोण शिवलं? शिष्य वैतागतात: एवढी गर्दी रेटतेय आणि कोण शिवलं काय विचारता? बाई भीत भीत पुढे येते, सगळं खरं सांगते. ऐकून घ्यायला वेळ लागलाच असणार. तो बोलत असतानाच याईराच्या घरून निरोप येतो, मुलगी गेली.

हा उतारा अडथळ्यांबद्दल नेहमी सांगितला जातो आणि नेहमी त्या बाईच्या बाजूने. याईराच्या बाजूने उभं राहून बघावं. आपण कोणासाठी तरी थांबतो तेव्हा किंमत बहुधा तिसराच कोणी मोजत असतो. ऑफिसातून निघताना सहकारी आपली अडचण सांगायला बसतो, आपण ख्रिस्ती माणसासारखे ऐकतो, आणि घरी आजारी आईचं औषध एक तास उशिरा पोचतं. येशूने याईराला वाऱ्यावर सोडलं नाही. निरोप कानावर पडताच त्याच्याकडे वळून म्हणाला, भिऊ नको, विश्वास मात्र धर. तेव्हा थांबायचं असेल तर वाट बघणाऱ्याला आधी फोन करावा. "अर्धा तास उशीर होतोय, औषध शेजारच्या ताईंना द्यायला सांगितलंय." साधं आहे, पण पुष्कळ सेवाभावी घरांत इथेच तडा जातो.

आणि दर वेळी थांबायचंच असंही नाही. त्याच शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येशू पहाटे अंधारात प्रार्थनेला गेलेला असतो. शिष्य शिमोन शोधत येतो, सगळे तुमचा शोध करताहेत म्हणतो. येशू म्हणतो, आपण दुसऱ्या गावांकडे जाऊ. तिथले, कफर्णहूम गावातले लोक तसेच राहिले. कोणाला हो आणि कोणाला नाही, हे त्याने गर्दीच्या दडपणावर ठरवलं नाही. मंडळीतल्या प्रत्येक कमिटीला हो म्हणणाऱ्यांनी हा अर्धा अध्याय फ्रिजवर चिकटवावा.

शनिवार

मराठी ख्रिस्ती माणसाला अचानक क्षण म्हटलं की कवी नारायण वामन टिळक आठवतातच. 1893 मध्ये राजनांदगावला जाणारी रेल्वे, डब्यात एक गोरा सहप्रवासी, कवितेवरून निघालेल्या गप्पा, हातात ठेवलेला नवा करार, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल हे भाकीत. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. सांगणारे भाकितावर रंगतात. मला मधली दोन वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतलं आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. मग वाचन, शंका, पत्रव्यवहार. घरातल्या वादळाचं सावट तर सगळा वेळ होतं. रेल्वेतली भेट काही तासांची. ते पुस्तक बॅगेतच राहिलं असतं, तर ती एक बरी गप्पांची आठवण ठरली असती.

पंडिता रमाबाईंचंही तेच. केडगावची जमीन त्यांनी घेतली होती शारदा सदन या आपल्या विधवा-मुलींच्या शाळेला पुढे उत्पन्न मिळावं, फळबाग व्हावी म्हणून. 1896 चा दुष्काळ आखणीत नव्हता. मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, पुण्यात प्लेगचे निर्बंध, शहरात ठेवता येईना. मग त्या बागेच्या जमिनीवरच मुक्ती सदन उभं राहिलं. जमीन आधी घेतलेली होती म्हणून दुष्काळाला हो म्हणता आलं. नहेम्याचे चार महिने इथे विहिरी आणि झाडांच्या रूपात दिसतात.

रविवार, उपासनेला निघण्याआधी

चौथी ओळ, "उद्या काय नीट करायचंय," आठवडाभर पुढे ढकललेली असते ती आज गाठते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. ऐकणारे गालीलातले, वेदी यरुशलेमेत. तीन-चार दिवसांची पायपीट. आपल्याला फार तर कॅम्पातून कोथरूडला जायचंय.

शब्द नीट निवडावेत. "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी" ही माफी नव्हे, त्यात चूक समोरच्याच्या मनाची ठरते. "परवा पार्किंगवरून मी सगळ्यांसमोर आवाज चढवला. चूक माझी. माफ करा." एवढं पुरे. त्यानंतर "पण तुम्हीसुद्धा" सुरू करायचं नाही. "पण" आला की आधीचं सगळं पुसलं जातं. लहान मुलाची माफी मागायची तर खाली बसून, डोळे समोरासमोर आणून, याहूनही कमी शब्दांत. समोरच्याने लगेच माफ केलंच पाहिजे असा हट्ट नको. त्याला वही भरायला त्याचा वेळ लागेल.

शक्य असेल तर प्रत्यक्ष जावं, नाहीतर फोन. व्हॉट्सअॅपवर हात जोडलेलं चित्र पाठवू नये. आणि रविवारी नऊच्या आत फोन करू नये, लोक झोपलेले असतात.