गाडी भरली की सुटेल

जळगाव स्टँडबाहेरच्या काळी-पिवळीला सुटायची वेळ नसते. शिटा भरल्या की ती सुटते, आणि शिटा भरल्या की नाही हे फक्त ड्रायव्हर ठरवतो. आपल्याला वाटतं, आता आत मुंगीही शिरायची नाही. तो खाली उतरून नुसतं "सरक ना भो" म्हणतो आणि आणखी दोघं बसतात. आम्हाला याचं काही वाटत नाही. पण माझ्या भाचीबरोबर अजिंठा पाहायला आलेली तिची फ्रेंच मैत्रीण हे बघून चक्रावली. ती नोकरीसाठी मुंबईत राहते आणि टॅक्सी या विषयात स्वतःला जाणकार समजते.

तशी ती आहेही. फेब्रुवारी 2025 पासून मुंबईत काळी-पिवळीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं 31 रुपये झालं, हे मला तिच्याकडून कळलं. वांद्रे आणि शीव ओलांडून दक्षिणेला रिक्षा जात नाही, तिथून पुढे टॅक्सीच, हेही तिला पाठ. जुन्या पद्मिनी टॅक्सीवर तिचा विशेष जीव. छताला आतून फुलाफुलांचं रेक्झिन, डोक्यावर सामानाचं कॅरिअर. शेवटच्या पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंदणी 2003 च्या ऑक्टोबरात झाली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून 2023 च्या ऑक्टोबरात तीही रस्त्यावरून गेली. हे सांगताना बाईचा चेहरा घरातलं कुणी गेल्यासारखा झाला होता.

सुरुवातीला तिने पाटीवर वाचून ड्रायव्हरला सांगितलं होतं, 'डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग'. त्याने मान हलवली. दुसऱ्यानेही हलवली. शेवटी फुटपाथवरचा एक जण म्हणाला, "अरे, पेडर रोड!" आणि टॅक्सी निघाली. आता गंमत बघा. फ्रान्सची बाई देशमुखांचं नाव घेते, आणि तिला पोहोचवायला पेडरसाहेबच लागतो. (मराठी पाट्यांवर भांडणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा, मी केला, पण उत्तर सापडलं नाही.)

मुंबईच्या टॅक्सीत मात्र ती खूश असते, आणि त्याचं कारण तिला स्वतःलाही नीट सांगता येत नव्हतं. मला वाटतं ते असं आहे. तिथला ड्रायव्हर बहुतेक वेळा उत्तर प्रदेशाकडचा, घरदार गावी ठेवून आलेला. ती तर सातासमुद्रापारची. दोघांची हिंदी दोन टोकांची. कुठे जायचं ते सांगितलं, मीटर पाडलं, की पुढे दोघंही आपापल्या विचारात. भाडं दिलं, दार लावलं, संबंध संपला. परक्या माणसाला एवढंच हवं असतं: आपल्या परकेपणाची कोणी दखल घेऊ नये. मीही मुंबईत गेलो की टॅक्सीत असाच गप्प बसतो.

आमच्या गाडीत ही सोय नाही. नेरी यायच्या आधीच मागच्या आजीबाईंनी सुरुवात केली, "कोनाकडे चाल्ल्या?" लेणी बघायला, म्हटल्यावर त्यांचं समाधान होईना. लेण्यांत कोणी राहत नाही, मग तिकडे ओळखीचं कोण आहे? भाची दुभाषी झाली. लग्न झालं का, आईबाप कुठे, एकटीला इतक्या लांब कसं पाठवलं, पगार किती. शेवटच्या प्रश्नाला भाचीने भाषांतर करायचं टाळलं, पण 'पगार' तिला ऑफिसमुळे कळत होता. तिने आकडा सांगून टाकला. गाडीत पहूरपर्यंत त्या आकड्याची वाटाघाटी चालली. कोणी म्हणालं जास्त आहे, कोणी म्हणालं मुंबईच्या भाड्यापुढे काहीच नाही.

पैसे गोळा करायची वेळ आली तेव्हा ड्रायव्हरच्या पोराने तिला थोडे जास्त सांगितले. ती मुंबईतल्या सवयीने कंबर कसायच्या बेतात होती. पण त्याआधीच आजीबाई कडाडल्या, "का रे भो, पाव्हनी हाये ती!" सगळी गाडी त्या पोरावर तुटून पडली. मुंबईत तिच्या बाजूने मीटर बोलतं. इथे मीटर नाही, पण अख्खी गाडी साक्षीदार. भाडं माणशी ठरलेलं, आणि ते गाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाकीट काढायलाही तिला हात हलवता येत नव्हता, ती गोष्ट वेगळी.

फर्दापूरच्या फाट्याला आम्ही उतरलो. तिथून लेण्यांपर्यंत शेवटचे चारेक किलोमीटर शटल बसनेच जावं लागतं. आजीबाईंनी खिडकीतून तिच्या हातात दोन केळी दिली आणि परत येताना घरी यायला सांगितलं. घर कुठे, हे मात्र सांगितलंच नाही.

परवा भाचीचा फोन होता. म्हणाली, "मामा, तुमच्या गाडीने तिला बिघडवलं." आता म्हणे ती टॅक्सीत बसली की आधी ड्रायव्हरला गाव विचारते, मग मुलंबाळं, शेती. एक जौनपूरचा निघाला. भायखळ्यापर्यंत त्याने सगळं घरदार सांगितलं आणि मग, रीतसर, तिला पगार विचारला. तिने सांगितला. उतरताना त्याने भाडं मीटरप्रमाणेच घेतलं. फक्त सुटे नाहीत म्हणाला.